ईएनवरून आरएन करावं का? वय ३८, मेलबर्न, पोरगा तिसरीत

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. रात्रपाळी उरकून पार्किंगमध्ये गाडीत बसून टायपतेय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

कुंडली थोडक्यात. माहेर सोलापूर, बीकॉम. २०१६ साली नवऱ्याच्या व्हिसावर इकडे आले. आधी सर्टिफिकेट थ्री करून वृद्धाश्रमात पीसीए झाले, म्हणजे अंघोळी घालणं, भरवणं, कूस बदलणं. मग टेफ या सरकारी व्यवसाय-शिक्षण संस्थेतून नर्सिंगचा डिप्लोमा केला आणि एन्रोल्ड नर्स, म्हणजे ईएन झाले. त्याला आता चार वर्षं होतील. पीआर (कायमच्या निवासाचा परवाना) आहे, नागरिकत्वाची परीक्षा झालीय, समारंभाच्या तारखेची वाट बघतेय. घरी नवरा, मुलगा आणि वर्षातून चार-पाच महिने सासूबाई.

आरएन, म्हणजे पदवीवाली रजिस्टर्ड नर्स, व्हायचा किडा अधूनमधून वळवळायचाच. पण गेल्या महिन्यात एक रात्र अशी गेली की तो झोपू देत नाही.

आमच्याकडे एक ग्रीक आजी होत्या, ९१ वर्षांच्या. शेवटचे दिवस चालले होते. दंडाला बटरफ्लाय सुई लावलेली, लागेल तसं मॉर्फिन द्यायचं लिहून ठेवलेलं. पहाटे दोनला बघते तर कपाळाला आठ्या, श्वास भराभर आणि चादरीची कड मुठीत गच्च धरलेली. दुखतंय हे कळायला पदवी लागत नाही. पण ते मॉर्फिन आत्ता द्यायचं की नाही, हे आमच्याकडे आरएनने येऊन तपासून ठरवायचं, आणि कपाटाच्या किल्ल्याही तिच्याच गळ्यात. रात्री अख्ख्या इमारतीला आरएन एकच. ती खालच्या मजल्यावर, एक आजोबा पडले होते, डोक्याला लागलेलं, ॲम्ब्युलन्स बोलावलेली. तिची काही चूक नाही. पण तिला वर यायला २५ मिनिटं लागली. तेवढा वेळ मी हात धरून बसले. आजी मला "पेदी मू, पेदी मू" म्हणत होत्या. ग्रीकमध्ये माझ्या बाळा.

आरएन आली, दोन मिनिटांत इंजेक्शन दिलं आणि मला म्हणाली, "तू फोनवर सांगितलंस तसंच आहे सगळं."

हेच मला खातंय. सगळं तसंच होतं आणि ते मला दिसलंही होतं.

आता अडचणी. बॅचलरला, म्हणजे नर्सिंगच्या पदवीला, दोन वर्षं जातील, प्लेसमेंट (वॉर्डातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण) बिनपगारी, कर्जाचे हप्ते चालू. शेवटचा निबंध लिहिला तो बारावीत. आणि नवरा म्हणतो, "तुला वाटत असेल तर कर." या वाक्याचा अर्थ विवाहित मंडळींना मी सांगायला नको. ज्यांनी हे केलंय, किंवा मुद्दाम केलं नाही, त्यांनी लिहा.

साडेतीन_शहाणा

आजींचं वाचून गलबललो. अडाणी प्रश्न: ईएन आणि आरएन असे दोन प्रकार आहेत हेच मला आज कळलं. आम्ही दोघींनाही सिस्टर म्हणतो आणि दोघीही सुई तितक्याच जोरात टोचतात. (हलकेच घ्या.)

लेस्टरकर

@साडेतीन_शहाणा, हा फरक मूळचा आमच्या विलायतेचा. १९४३ च्या नर्सेस ॲक्टने प्रशिक्षित परिचारिकांच्या 'रजिस्टर'शेजारी मदतनीस परिचारिकांची वेगळी यादी केली. तिचं नाव 'रोल'. रजिस्टरात नाव असेल तर रजिस्टर्ड, रोलवर असेल तर एन्रोल्ड. दोन वह्या, एवढाच त्या शब्दांचा अर्थ. पुढे १९६१ मध्ये मदतनीस शब्द गेला आणि 'स्टेट एन्रोल्ड नर्स' आलं. दोन वर्षांचं शिक्षण, तिकडे रजिस्टर्डचं तीन.

आमच्या सासूबाई १९७२ साली अमरावतीहून आल्या. नर्स व्हायचं म्हणून गेल्या तर मेट्रनने (मुख्य परिचारिकेने) कुठलाही कागद न बघता दोन वर्षांच्या वर्गात बसवलं. तीन वर्षांचा असा काही अभ्यासक्रम असतो हे त्यांना सहा महिन्यांनी कॅन्टीनमध्ये कळलं. त्या एकट्याच नव्हत्या. वेस्ट इंडीज आणि आपल्याकडच्या कितीतरी मुलींना तेव्हा असंच रोलवर ढकललं गेलं, आणि मायदेशी परतल्यावर ती पात्रता कुणी विचारत नव्हतं. नव्वदीच्या सुरुवातीला इथे एन्रोल्डचं शिक्षणच बंद झालं आणि उरलेल्यांसाठी रजिस्टर्ड व्हायचे कन्व्हर्जन कोर्स निघाले. सासूबाईंनी तो केला तेव्हा त्या ४३ वर्षांच्या होत्या. रोज ड्यूटी, रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर अभ्यास. विचारलं की अजून एकच सांगतात, "पगारासाठी नाही केलं रे, त्या मेट्रनसाठी केलं." मेट्रन तोवर केव्हाच वारली होती.

तुमच्या देशात एन्रोल्ड नर्स अजून आहे आणि ते काम मानाचं आहे, त्यामुळे तुलना ताणत नाही. पण ३८ म्हणजे उशीर, हे तेवढं डोक्यातून काढा.

बोरिवली_ते_बेंडिगो

रात्रपाळीताई, मी हे केलंय. ईएन म्हणून पाच वर्षं, मग बॅचलर, आता आरएन होऊन तीन वर्षं झाली. जरा लांबण लागेल.

डिप्लोमाचं क्रेडिट मिळून तीनाची दोन वर्षं होतात, हे बरोबर. पण त्या दोन वर्षांत पहिल्या वर्षाचा सोपा भाग नसतो. कॉलेजातली बाकीची पोरं वर्षभर रमतगमत शरीरशास्त्र शिकून आलेली असतात आणि आपण थेट दुसऱ्या वर्षात धपकन पडतो. हृदय निकामी होत जातं तेव्हा मूत्रपिंड काय करतं, हे मला पेशंटकडे बघून माहीत होतं. सुजलेले पाय दिसायचे, गोळी द्यायचो. पण का सुजले, हे कागदावर मांडताना घाम फुटला. माझ्या मते ईएन आणि आरएन यांत खरा फरक या 'का'चा आहे. सुई दोघांनाही टोचता येते, इथे शहाणेबुवा बरोबर आहेत.

निबंधांचं: पहिल्या असाइनमेंटमध्ये काठावर पास. मला लिहिता येत नव्हतं असं नाही, संदर्भ द्यायची पद्धत माहीत नव्हती. विद्यापीठात लेखनाला मदत करणारे लोक असतात, फुकट असतात, आणि आपली माणसं लाजेपोटी तिकडे फिरकत नाहीत. मीही पहिलं सेमिस्टर फिरकलो नाही. मूर्खपणा.

आता खरं दुखणं, प्लेसमेंट. बॅचलरला किमान ८०० तास प्लेसमेंट लागते. क्रेडिट धरून तुमच्या वाट्याला किती उरतात ते विद्यापीठाकडून लेखी घ्या, फोनवरच्या आश्वासनावर जाऊ नका. माझी एक प्लेसमेंट घरापासून दीडशे किलोमीटरवर लागली. सहा आठवडे. कॅरव्हॅन पार्कमध्ये राहिलो, सकाळी सातला वॉर्डात, शनिवार-रविवार घरी येऊन ईएनच्या दोन पाळ्या. त्या सहा आठवड्यांत माझी मुलगी चालायला लागली आणि मी ते व्हिडिओवर पाहिलं. जुलै २०२५ पासून सरकार प्लेसमेंटच्या काळात आठवड्याला सव्वातीनशे डॉलरच्या आसपास भत्ता देतंय, उत्पन्नाची अट लावून. आमच्या वेळी तोही नव्हता.

आणि एक चमत्कारिक गोष्ट कुणी सांगत नाही. प्लेसमेंटवर तुम्ही विद्यार्थिनी असता. आयुष्यभर जी ड्रेसिंग केली ती करायला २४ वर्षांच्या पोरीची परवानगी मागायची. आणि शनिवारी नोकरीवर गेलात की पुन्हा ईएन. कालच शिकलेलं असलं तरी ईएनच्या मर्यादेबाहेर हात घालायचा नाही. या दोन टोप्या बदलताना डोकं भणाणतं.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी माझा तासाचा दर फार काही उडी मारून वर गेला नाही. वरच्या पायरीचा ईएन आणि कोरा आरएन यांत म्हणावं तेवढं अंतर नसतं. आरएनची शिडी लांब आहे, पैसे चढत गेल्यावर दिसतात.

आहे_ते_बरंय

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, नाहीतर धागा एका अंगाला कलंडेल.

वय ५४, सिडनी, बावीस वर्षं ईएन, त्यातली सोळा ऑपरेशन थिएटरमध्ये. आरएन केलं नाही आणि करणारही नाही. मला माझं काम येतं. सर्जनने हात पुढे करायच्या आत त्याला काय हवंय ते माझ्या हातात असतं. नवीन आरएन येतात, मी त्यांना शिकवते, पुढे त्या माझ्या वरिष्ठ होतात. पहिल्या दोन वेळा टोचलं, आता नाही टोचत.

प्रत्येक समारंभात कुणीतरी विचारतंच, "अजून ईएनच का?" जणू ईएन म्हणजे प्लॅटफॉर्म आहे आणि आमची गाडी चुकलीय. माझ्या दोन मैत्रिणी आरएन झाल्या. एक आज खूश आहे. दुसरी आठ तासांपैकी पाच तास संगणकासमोर असते, केअर प्लॅन, ऑडिट, नातेवाइकांचे फोन. तिला विचारलं, "पेशंटला शेवटचा हात कधी लावलास?" तर ती चिडली. चिडली म्हणजे वर्मी लागलं.

रात्रपाळी, तुम्ही त्या आजींजवळ २५ मिनिटं बसलात. आरएन असतात तर खालच्या मजल्यावर असतात. हेही मोजा.

रात्रपाळी

आहे_ते_बरंय ताई, शेवटची दोन वाक्यं वाचून मी खरंच गाडीतून उतरून एक फेरी मारून आले. याचं उत्तर माझ्याकडे नाहीये अजून.

हिशोबनीस

भावना बाजूला ठेवून थोडं रुक्ष लिहितो. मी स्वतः नर्स नाही, माझी बायको नर्स आहे, तिची फाइल मी सांभाळतो.

एक. तुमची जागा वृद्धाश्रमातली आहे, म्हणून सरकारी मिनिटांचा हिशोब समजून घ्या. १ जुलै २०२३ पासून बहुतेक सगळ्या वृद्धाश्रमांत चोवीस तास आरएन हजर हवी. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला सरासरी २१५ मिनिटं सेवा, त्यात ४४ मिनिटं आरएनची. या ४४ पैकी फार तर १० टक्के ईएनने भरलेली चालतात, म्हणजे साडेचार मिनिटंही नाहीत. उरलेली १७१ मिनिटं पीसीएने भरली काय आणि ईएनने भरली काय, कागदावर सारखीच. फक्त ईएन महाग पडते. रोस्टर (पाळ्यांचं वेळापत्रक) बनवणारा माणूस याचं काय करेल ते सांगायला ज्योतिषी नको. बायकोच्या ठिकाणी कुणाला काढलं नाही, पण ईएन नोकरी सोडून गेली की तिच्या जागी दुसरी ईएन येत नाही. थिएटरमधल्या ताईंना ही चिंता नाही, तुम्हाला आहे.

दोन. पीआरवर अर्ज करण्याची घाई नको! पीआरला सरकारी अनुदानाची जागा मिळते, पण हेक्स हे सरकारी शिक्षणकर्ज मिळत नाही. फी रोख भरायची, वर्षाला साधारण साडेचार हजार डॉलर. नागरिक झालात की तीच फी हेक्सवर जाते. तुम्ही समारंभाच्या उंबरठ्यावर आहात. त्या सेमिस्टरच्या सेन्सस डेटच्या (फी पक्की होण्याच्या तारखेच्या) आत शपथ झाली तर कर्ज मिळतं, एक दिवस नंतर झाली तर त्या सेमिस्टरचं नाही. वर्षाचा पगार ठरावीक मर्यादेच्या वर गेल्याशिवाय हप्ता कापत नाहीत, २०२५-२६ साठी ती ६७,००० डॉलर होती. व्याज नाही, पण दरवर्षी महागाई आणि पगारवाढ यांतल्या कमी दराने रक्कम वाढते.

तीन. व्हिक्टोरिया सरकारने २०२३ आणि २०२४ मध्ये नर्सिंगची पदवी सुरू करणाऱ्यांना १६,५०० डॉलर देऊ केले होते. ती बस गेली. मनाला लावून घेऊ नका, आमचीही गेली.

चार. कुणीतरी सांगेल की बीकॉम आहे तर दोन वर्षांचं मास्टर्स कर. त्यात ईएनचं क्रेडिट धरतात का आणि जागा अनुदानाची आहे की पूर्ण फीची, हे आधी विचारा. 'मास्टर्स' शब्दाला भुलून पूर्ण फी भरणारी दोन घरं माझ्या ओळखीत आहेत.

मिरजेची_सिस्टर

तुमचं ऑस्ट्रेलियाचं मला फार कळत नाही, पण आपल्याकडची ईएन म्हणजे एएनएम (गावपातळीवरची परिचारिका-सुईण) असं धरलं तर मी त्या वाटेने गेलेली आहे.

एएनएम करून अकरा वर्षं उपकेंद्रात होते. पाच हजार वस्ती, लसीचा डबा खांद्याला, गरोदर बायांच्या नोंदी, बाळंतपणं. गावात मला सगळे 'बाई' म्हणत. ३६ व्या वर्षी जीएनएमला, म्हणजे जनरल नर्सिंगच्या डिप्लोमाला गेले. इतरांना ३५ ची अट असते, पण इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात एएनएमला वयाची अट नाही, हे मला आमच्या एलएचव्ही (एएनएमच्या वरिष्ठ पर्यवेक्षिका) मॅडमनी सांगितलं, नाहीतर मी घरीच बसले असते. तुम्हाला वर्षाचं क्रेडिट तरी मिळतंय. मला पूर्ण तीन वर्षं करावी लागली, तीही अठरा वर्षांच्या पोरींबरोबर. अकरा वर्षं बाळंतपणं केलेल्या बाईला पुतळ्यावर बेड बाथ शिकवत होते. पोरी मला 'मावशी' म्हणायच्या, परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र सगळ्या माझ्याच खोलीत.

आता स्टाफ नर्स आहे. पगार वाढला, मान वाढला, डॉक्टर राउंडला "सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?" विचारतात. पण मागच्या वर्षी त्या गावच्या जत्रेला गेले तर एका पोराने पाया पडून सांगितलं, "बाई, मी तुमच्या हातचा." वॉर्डात तसं होत नाही. पेशंट चार दिवसांत घरी जातो, चेहरासुद्धा लक्षात राहत नाही.

पस्तावले का? नाही. पण काहीतरी सुटलं, हे खोटं कशाला बोलू.

अवांतर: भाचीचं नुसतं जीएनएम आहे. तिला तिकडे थेट येता येईल का?

बोरिवली_ते_बेंडिगो

@मिरजेची_सिस्टर, आरएन म्हणून थेट नाही. इथे पदवीच्या तोडीचं शिक्षण बघतात. आधी पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमनंतरची पदवी) करू दे, मग इंग्रजी, एन्क्लेक्स ही नर्सच्या नोंदणीची परीक्षा आणि शेवटी ॲडलेडला प्रात्यक्षिक. एजंटने "जीएनएमवर सगळं होतं" सांगितलं तर फोन ठेवायचा.

चिंचेचा_कोळ

सगळे विद्यापीठ आणि डॉलरवर बोलताहेत. मी मूळ धाग्यातल्या एका वाक्यावर अडलेय. "तुला वाटत असेल तर कर." रात्रपाळी, हे वाक्य त्यांना सोडवायला सांगा. मंगळवारी डबा कोण भरणार? प्लेसमेंट लांब पडली तर पोराला शाळेतून कोण आणणार? सासूबाई कोणत्या महिन्यात येणार? कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर लावा. माझ्या एमबीएच्या वेळी 'सपोर्ट' होता. भांडी नव्हती.

साडेतीन_शहाणा

"सपोर्ट होता, भांडी नव्हती" याला दंडवत. आमच्या घरी हा धागा कुणी दाखवू नका.

बोरिवली_ते_बेंडिगो

रात्रपाळीताई, निर्णय होईल तेव्हा होईल. तोवर हात चालू ठेवायला एक गणित देतो. औषधांच्या गणिताच्या परीक्षेत बऱ्याच ठिकाणी शंभर टक्के लागतात, एक चुकलं तरी पुन्हा बसा. एक लिटर सलाइन, आठ तासांत द्यायचं, सेट २० थेंबांचा म्हणजे एका मिलिलिटरला २० थेंब. मिनिटाला किती थेंब? मोबाइल बाजूला ठेवून.

रात्रपाळी

सात आठवड्यांनी येतेय, माफी. सगळे प्रतिसाद तीन-तीनदा वाचलेत.

समारंभ झाला. कौन्सिलने शपथेनंतर एक रोपटं हातात दिलं, ते सासूबाईंनी तुळशीशेजारी लावलंय. हिशोबनीस, तुमचं ऐकून थांबले आणि काल अर्ज भरला, फेब्रुवारीच्या प्रवेशासाठी. दोन विद्यापीठांना क्रेडिटचं ईमेलवर विचारलं होतं. एकाने वर्षभराचं देतो म्हणून स्पष्ट लिहून दिलं, दुसऱ्याने "अर्ज केल्यावर बघू". पहिल्याकडे भरला.

मॅनेजरशी बोलले. चार रात्रींच्या दोन करून मागितल्या. ती म्हणाली, प्लेसमेंटच्या आठवड्यांचे आकडे आधी दे, मग बघते. नकार नाही दिला. ईएनची नोंदणी चालूच ठेवणार, मधेच काही फिसकटलं तर हातात काम आहे.

आहे_ते_बरंय ताई, तुमच्या वाक्यावर खूप विचार केला. मी त्या रात्री खाली असते, हे खरं. पण मग वर जी ईएन बसली असती तिचा फोन आला असता, आणि ती काय बघतेय हे मला तिच्या दोन शब्दांत कळलं असतं, कारण मी तिथे बसलेली आहे. सगळ्या आरएनना ते कळत नाही. एवढंच उत्तर सापडलंय. पुरेसं आहे की नाही ते तुम्हीच सांगा. आणि नाही जमलं तर तुमच्याकडे सिडनीला येऊन थिएटर शिकते.

चिंचेचा कोळ, फ्रिजवर कागद लागलाय. मंगळवार आणि गुरुवारचा डबा नवरा. पहिल्या मंगळवारी पोराने डब्यात तीन दिवसांची पुरणपोळी नेली, पण नेली. नवऱ्याने कागदाखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: भांडी समाविष्ट.

बोरिवलीदादा, ४२. आकडेमोड पोराने केली, मांडणी माझी होती. पुढचं गणित द्या, जरा अवघड.